‘आम्ही’ आणि ‘आपण’: स्थलांतरित शेतमजुरांच्या कादंबऱ्या वाचताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, “तुम्ही आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेत, आता या कापूस वेचणाऱ्यांच्या कादंबऱ्या कुठून काढल्या?” प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एका सर्वनामात आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. पाहुणा दारात आला आणि यजमान म्हणाला, “आम्ही जेवायलाच बसत होतो,” तर पाहुणा चपला काढायच्या आधी थोडा थबकतो. “चला, आपण जेवायला बसू,” म्हटलं तर तो सरळ हातपाय धुवायला जातो. एका शब्दात ऐकणारा आत आहे, दुसऱ्यात बाहेर. भाषाशास्त्रज्ञ याला समावेशक आणि व्यावर्तक अशी नावं देतात. नावं राहू द्या, फरक आपल्या अंगवळणी आहे. आणि हो, आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ती जुन्या मास्तरांची खोड आहे, तिचा आजच्या विषयाशी काही संबंध नाही असं म्हणणार होतो. थोडा आहे. पुढे येईल.

आता जॉन स्टाइनबेक. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ १९३९ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी जॉन फोर्डचा चित्रपट आला. गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ओक्लाहोमातल्या सॅलिसॉ गावाजवळचं जोड कुटुंब, कुळं म्हणून जमीन कसणारं. बँकेच्या आणि ट्रॅक्टरच्या रेट्यात जमीन जाते. जुनी हडसन गाडी कापून तिचा ट्रक करतात, तिच्यात तेरा माणसं भरतात आणि कॅलिफोर्नियाकडे निघतात, कारण ‘मजूर पाहिजेत’ अशी पत्रकं गावात वाटली गेलेली असतात. पहिल्याच रात्री आजोबा जातात, त्यांना रस्त्याकडेला पुरून सोबत बरणीत चिठ्ठी ठेवतात, म्हणजे पुढे कोणाला खून झाला असं वाटू नये. आजी वाळवंट ओलांडताना जाते आणि मा, म्हणजे या घरची आई, रात्रभर प्रेताशेजारी पडून राहते. नाक्यावरच्या तपासनिसाला ती सांगते की म्हातारी आजारी आहे, थांबवू नका. घरचं मरणसुद्धा नाका पार होईपर्यंत लपवून ठेवायचं! गरिबीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण हा प्रसंग वाचल्यावर बाकीचं आपोआप फिकं पडतं.

या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात, कथा बाजूला ठेवून, स्टाइनबेक एक सिद्धान्त मांडतो. रस्त्याकडेच्या चरापाशी दोन कुटुंबं उतरतात. दोन पुरुष उकिडवे बसून बोलतात. आपलं नुकसान एकवचनात सांगणारा माणूस बोलता बोलता अनेकवचनात सांगू लागतो. कुणाच्या तरी लेकराला सर्दी झालेली असते, तर दुसरं कुणी आपल्या आईची लोकरीची घोंगडी त्याला देऊन टाकतं. इथेच, ‘मी’ संपून ‘वुई’ सुरू होतं तिथे, मालकवर्गाने घाबरावं असं स्टाइनबेक बजावतो.

मग मराठीत ते ‘वुई’ काय होईल? ‘आम्ही’ की ‘आपण’? मूळ इंग्रजी वाचकाला हा प्रश्न पडत नाही, त्याची भाषा त्याला पडू देत नाही. मराठीत आणणाऱ्याला मात्र निवड करावीच लागते. आमचं म्हणणं एवढंच आहे की ही कादंबरी, आणि तिच्यामागून आलेल्या या जातीच्या कितीतरी कादंबऱ्या, या एका निवडीवर तोलल्या जाव्यात.

स्टाइनबेकची स्वतःची उत्कट इच्छा ‘आपण’ची आहे, यात शंका नाही. मा पहिल्या पानांपासून एकच गोष्ट करत असते, घर फुटू नये म्हणून झटत असते. आणि घर फुटत राहतं. नोआ कोलोरॅडो नदीकाठी निघून जातो, जावई कॉनी गर्भार बायकोला टाकून पळतो, टॉमला लपावं लागतं. जसजशी घरची माणसं कमी होतात तसतसा माचा ‘घर’ या शब्दाचा अर्थ रुंद होत जातो. शेवटी ती एका शेजारणीला सांगते की पूर्वी घरचे आधी असायचे, आता कोणीही असलं तरी तेच. आणि शेवटचा प्रसंग तुम्हाला माहीत आहे. मृत मूल जन्माला आलेली रोझ ऑफ शॅरन पुरातून वाचून एका गोठ्यात येते आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या परक्या माणसाला आपलं दूध पाजते. प्रकाशकाने हा शेवट बदलायला सुचवलं होतं, स्टाइनबेकने ऐकलं नाही. तो माणूस परका असायलाच हवा, यावर तो अडून राहिला. बरोबर होतं त्याचं.

इथवर आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण तो परका माणूस गोरा आहे.

हे वाक्य कुचकटपणे म्हणत नाही. कॅलिफोर्नियाची द्राक्षं, संत्री, कापूस, भाजीपाला हे सगळं ओक्लाहोमाचे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो हातांनी काढलं जात होतं. स्टाइनबेकला हे पक्कं माहीत होतं. एकोणिसाव्या प्रकरणात तो सांगतो की ही भूमी एकेकाळी मेक्सिकोची होती, आणि जमीनदारांनी एकामागून एक परदेशी मजूर कसे आणले तेही सांगतो. पण ती माहिती प्रास्ताविकात राहते, जोड कुटुंबाच्या शेजारच्या तंबूत येऊन बसत नाही. वीडपॅचची सरकारी छावणी घ्या. तिथे नळाचं पाणी आहे, स्वच्छतागृहं आहेत, रहिवाशांच्या समित्या आहेत, शनिवारचा नाच आहे, आणि वॉरंटाशिवाय पोलिसाला आत यायला मनाई आहे. कादंबरीतलं ‘आपण’ जर कुठे प्रत्यक्ष राहतं तर ते इथे राहतं. त्या छावणीत एखादं मेक्सिकन कुटुंब जगताना आपल्याला दिसत नाही.

१९३६ च्या ऑक्टोबरात स्टाइनबेकने एका सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रासाठी स्थलांतरितांवर लेखमाला लिहिली होती. तिच्यातला एक युक्तिवाद आम्हाला आजही अस्वस्थ करतो. त्याचा सारांश असा, की आधीच्या परदेशी मजुरांना जसं दाबलं तसं या नव्या लोकांना दाबता येणार नाही, कारण हे अमेरिकन आहेत. म्हणजे अन्याय मोजायचा माप कोणता? माणूस की नागरिक? आणि हे तो लिहीत होता ती वर्षं मेक्सिकन वंशाच्या लोकांना गाड्यांमध्ये बसवून सरहद्दीपलीकडे धाडण्याची वर्षं होती. त्यांतले कितीतरी जण अमेरिकेत जन्मलेले नागरिकच होते. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल रीतसर माफी मागायला २००५ साल उजाडावं लागलं. एकीकडून एक ट्रक आत येत होता, दुसरीकडून एक बाहेर जात होता. थोर कादंबरी पहिल्याच ट्रकवर झाली.

स्टाइनबेकला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून टाळ्या मिळवणं सोपं आहे, आम्हाला ते करायचं नाही. त्याच्या पुस्तकाने जमीनदारांची झोप उडवली, ते जाळलं गेलं, वाचनालयांतून काढलं गेलं. प्रश्न त्याच्या हेतूचा नाही. सहानुभूतीलासुद्धा व्याकरण असतं आणि ते व्याकरण आपल्या नकळत कुंपण घालतं, हा आहे.

याचा एक विलक्षण पुरावा कादंबरीबाहेर आहे. डोरोथिया लँगने १९३६ च्या मार्चमध्ये निपोमो इथल्या वाटाण्याच्या शेताजवळ काढलेलं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. हनुवटीपाशी हात नेलेली आई, दोन्हीकडे मान वळवून तिच्या खांद्यांत लपलेली मुलं. ‘स्थलांतरित माता’ या नावाने ते जगभर गेलं आणि ओक्लाहोमाच्या गोऱ्या कष्टकऱ्यांचं प्रतीक झालं. त्या बाईचं नाव जगाला कळायला चाळीसेक वर्षं लागली. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. आणि ती होती चेरोकी, म्हणजे या भूमीवरून सर्वांत आधी हुसकावले गेलेल्यांपैकी एक. ज्या चेहऱ्याकडे बघून एक देश ‘ही आपली माणसं’ म्हणून रडला, त्या चेहऱ्याला त्याच देशाने शंभर वर्षांपूर्वी ‘आपण’मधून बाहेर काढलं होतं. नाव विचारलं असतं तर कदाचित इतकं रडू आलं नसतं.

नावाचा मुद्दा निघालाच आहे तर सनोरा बॅब या लेखिकेकडे वळू. तिच्याबद्दल मराठीत फार बोललं जात नाही. बॅब ओक्लाहोमातच जन्मली आणि कोरड्या पठारावरच्या शेतीत वाढली. खरं म्हणजे धुळीची वादळं झाली ती राज्याच्या पश्चिमेकडच्या चिंचोळ्या पट्ट्यात. स्टाइनबेकचं सॅलिसॉ पूर्वेला, त्या पट्ट्यापासून बरंच दूर. बॅबला ती धूळ घरची होती. १९३८ मध्ये ती कॅलिफोर्नियात सरकारी छावण्यांचं काम करत होती, टॉम कॉलिन्स या अधिकाऱ्याच्या हाताखाली. हा तोच टॉम, ज्याला स्टाइनबेकने आपली कादंबरी अंशतः अर्पण केली. तंबूतंबूंतून फिरून बॅब टिपणं काढायची, आणि त्यांतली काही कॉलिन्समार्फत स्टाइनबेकपर्यंत पोचली असं मानलं जातं. स्वतः तीही कादंबरी लिहीत होती. एका मोठ्या प्रकाशकाला ती पसंत पडली होती. तेवढ्यात ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ बाजारात आली, आणि याच विषयावर दुसरं पुस्तक कोण घेणार, म्हणून बॅबचं हस्तलिखित परत आलं. ते छापून निघालं २००४ साली! लेखिका तेव्हा नव्वदी ओलांडून गेली होती. पुढच्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी ती वारली.

कादंबरीचं नाव ‘हूज नेम्स आर अननोन’, ‘ज्यांची नावं अज्ञात आहेत’. हे शब्द तिने जागा खाली करण्याच्या एका कायदेशीर नोटिशीतून उचललेले आहेत. ज्यांना हाकलायचं त्यांची नावंसुद्धा ठाऊक नसली तरी कायद्याचं अडत नाही. बॅबची गद्यशैली स्टाइनबेकसारखी धर्मग्रंथाच्या लयीत चालत नाही, आणि ते आम्हाला तरी बरं वाटतं. तिच्या कादंबरीत एक प्रकरण जवळपास रोजनिशीच आहे: आज धूळ, आजही धूळ, दिवा दुपारीच लावला, असल्या नोंदी. त्यामागे तिच्या आईची पत्रं होती. स्टाइनबेकने ही वस्ती टेकडीवरून पाहिली, बॅबने ती उंबऱ्यावरून पाहिली, असं आमचं मत आहे. आणि तिच्या कापसाच्या शेतात गोऱ्या माणसाशेजारी काळा माणूस वाकून काम करतो, दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते आधी कळत नाही, ते अवघडलेपण ती लिहिते. ‘आपण’ असं अवघडत, चाचपडत तयार होतं. चौदाव्या प्रकरणात ते फार लवकर तयार झालं होतं.

आता थोडं आमचं. उमेदवारीची वर्षं आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी काढली. १९७७ च्या सुमाराची गोष्ट. तर्कशास्त्राच्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या बाकावर नाही, खिडकीपाशी बसायचा. व्याप्ती आणि हेत्वाभास त्याला असे सुटायचे की आम्ही त्याची वही इतरांना दाखवायचो. दसरा झाला आणि मुलगा दिसेना. दिवाळीची सुट्टी संपली, तरी नाही. हजेरीचा नियम होता, टक्केवारी भरत नव्हती. आम्ही लाल शाईने त्याच्या नावावर आडवी रेघ ओढली. रेघ नीट सरळ आली होती, पट्टी लावून ओढली होती, हेही आठवतं.

पुढच्या जूनमध्ये तो स्टाफरूमच्या दारात उभा. म्हणाला, “सर, आम्ही फडावर होतो.” उसाचा फड. त्याचं लग्न झालं होतं, कारण मुकादमाची उचल जोडीवर मिळते, एकट्यावर नाही. आणि आम्ही काय उत्तर दिलं? “अरे, आम्हीही नियमाला बांधलेलो आहोत.” तो “बरं” म्हणाला आणि गेला.

एवढंच संभाषण. दोन वाक्यं, दोन ‘आम्ही’.

तुम्हाला ठाऊक आहे, तिकडे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम कारखान्याला सांगतो, यंदा इतके कोयते आणतो. ॲरिस्टॉटलने गुलामाला जिवंत हत्यार म्हटलं होतं. वर्गात ते शिकवताना आम्ही त्याची ऐतिहासिक मर्यादा म्हणून पुढे जात असू, आणि खिडकीपाशी बसलेल्या ज्या मुलाला हा शब्द घरचा होता, त्याला काय वाटत असेल हे आमच्या मनातसुद्धा आलं नाही. इंग्रजीतही शेतमजुरांना ‘हँड्स’ म्हणतात. हात तेवढे हवेत, त्याला जोडलेला माणूस, त्याची बायको, कोपीत पाचटावर झोपलेलं पोर हे आपोआप मागून येतात आणि मोजले जात नाहीत. म्हणून कुटुंबाची गोष्ट सांगणं हीच या कादंबऱ्यांची पहिली बंडखोरी आहे. मालकाच्या वहीत कुटुंब नसतं.

आता टोमास रिवेरा. आजच्या व्याख्यानातला आमचा सर्वांत आवडता लेखक. १९३५ मध्ये टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या गावी जन्म. आईवडील मेक्सिकन स्थलांतरित मजूर, आणि तो स्वतः त्यांच्याबरोबर दरवर्षी उत्तरेकडे पिकामागून पीक करत फिरलेला. हा मुलगा पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा कुलपती झाला आणि १९८४ मध्ये, पन्नाशीच्या आत, वारला. त्याची एकच छोटी कादंबरी, स्पॅनिशमध्ये लिहिलेली, १९७१ साली आली. नावाचा अर्थ साधारण असा: ‘...आणि धरणीने त्याला गिळलं नाही’.

कादंबरी म्हणायचं की नाही यावर वाद आहे. चौदा कथा, मधेमधे अर्ध्या-पाव पानाचे तुकडे, नायकाला नाव नाही. पहिल्या प्रकरणात एक मुलगा सांगतो की त्याचं एक वर्ष हरवलंय. शेवटच्या प्रकरणात तो एका घराखाली, जोत्याच्या पोकळीत, पिसवा चावत असताना लपून बसून ते वर्ष आठवत असतो. मधे सगळ्या गावाचे आवाज येतात. कोण बोलतंय ते बऱ्याचदा कळत नाही. कळू नये अशीच रचना आहे. जोड कुटुंबाला निदान एक रस्ता होता, सहासष्ट नंबरचा, आणि रस्ता म्हणजे आरंभ, मध्य, शेवट. दरवर्षी जाऊन परत येणाऱ्यांना असा रस्ता नसतो. त्यांच्या आयुष्याला सलग कथानक द्यायचं म्हणजे मुळातच खोटं बोलायचं. रिवेराने ते टाळलं, आणि वाचकाला तुकडे दिले.

त्यातली एक कथा. उन्हाचा कहर. शेतमालक पाणी वेळेवर देत नाही, मुलं गुरांच्या टाकीवर पाणी प्यायला जातात. मालकाला वाटतं, वेळ फुकट घालवतात, घाबरवावं. तो बंदूक झाडतो. घाबरवायचंच होतं, गोळी एका मुलाला लागते. कथा दोन पानांतच संपते, आणि शेवटी दोन माणसं त्या मालकाचं पुढे काय झालं याबद्दल ऐकीव गप्पा मारतात. रिवेरा कुठेही आवाज चढवत नाही. आमच्याकडच्या किती लेखकांना इथे आवाज चढवल्यावाचून राहवलं असतं?

नावाच्या कथेत धाकटा भाऊ शेतात ऊन लागून कोसळतो. वडील आधीच तसेच अंथरुणाला खिळलेले. आई मेणबत्त्या लावते आहे, देव देव करते आहे. थोरला मुलगा भावाला हातांवर उचलून घराकडे चालत असताना देवाला शिवी हासडतो. लहानपणापासून ऐकलेलं असतं की असं केलं तर धरणी दुभंगून गिळेल. क्षणभर त्याला वाटतंही, की पायाखालची माती हलली. पण धरणी गिळत नाही. दुसऱ्या दिवशी वडील आणि भाऊ बरे असतात, हवेत गारवा असतो.

मराठी वाचक इथे एका वेगळ्याच वाटेने येतो, हे आम्हाला सांगायचंय. आपल्याकडे धरणी पोटात घेते ती आसरा म्हणून. सीतेने तिला हाक मारली ती शिक्षेसाठी नव्हे, सुटकेसाठी. आजही लाज अनावर झाली की बाया म्हणतात, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. रिवेराच्या मुलाला धरणी दंड करणारी वाटत होती, ती करत नाही हे कळल्यावर तो मोकळा होतो आणि तिला लाथ मारून जवळजवळ चिडवतो. सीतेची कथा ऐकत वाढलेला माणूस हा शेवट वाचताना आधी हसतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की या मुलाला आसरा म्हणूनही धरणी नाहीये. ती दुसऱ्याची आहे, तिच्यावर तो बीट आणि पालक काढतो. ज्या जमिनीवर आपलं घरच नाही, तिच्या पोटात तरी जागा कुठून असणार?

आणि आता ती कथा, जिच्यासाठी हे सर्वनामांचं प्रकरण काढलं. स्पॅनिशमध्ये तिचं नाव ‘क्वांदो येगेमोस’. मजुरांनी भरलेला ट्रक उत्तरेकडे चाललाय. पहाटे चारच्या सुमारास तो बिघडतो. लोक उभेच आहेत, गाडीत बसायला जागा नाही. अंधारात एकेकाच्या मनातलं ऐकू येतं. एकाला पोचलं की बायकोसाठी चांगला बिछाना बघायचाय. एकाला गाडी घ्यायचीय, म्हणजे पुन्हा असं गुरांसारखं यावं लागणार नाही. कुणी तारे बघत असतो. चालक वैतागून ठरवतोय की यांना पोचवलं की आपण मोकळे, परतीचं त्यांचं ते बघतील. आणि शेवटी एकाच्या मनात येतं की या पोचण्याचाच आता वीट आलाय. पोचणं आणि निघणं एकच.

‘येगेमोस’ या क्रियापदातच ‘वुई’ आहे, सर्वनाम वेगळं लावावं लागत नाही. मराठीत काय करायचं? आम्ही बराच काळ ‘आम्ही’ की ‘आपण’ यात अडकलो होतो. मग लक्षात आलं की ‘पोचलो की’ एवढं म्हटलं तरी पुरे! मराठीत ‘मी पोचलो’, ‘आम्ही पोचलो’, ‘आपण पोचलो’, तिन्हीकडे पुरुषाच्या तोंडी क्रियापद तेच. (बाईच्या तोंडी एकवचनात ‘पोचले’ होतं, तेवढी गोम राहतेच, आणि त्या ट्रकमध्ये बायका आहेत.) ट्रकमधला प्रत्येक जण एकेकटा बोलतोय, शेजाऱ्याला ऐकू जात नाहीये, आणि तरी सगळे एकच वाक्य बोलताहेत. ते एकवचन आहे की अनेकवचन हे त्यांनाही माहीत नाही. स्टाइनबेकच्या चरापाशी ‘मी’ संपल्यावर ‘वुई’ सुरू झालं. रिवेराच्या ट्रकमध्ये दोन्ही एकाच वेळी आहेत आणि एकमेकांना भेटलेले नाहीत. हे अधिक खरं आहे असं आम्हाला वाटतं.

याच पुस्तकात एका तुकड्यात बार्तोलो नावाचा फिरता कवी येतो. डिसेंबरात लोक उत्तरेहून परतले, हातात थोडे पैसे असले, की तो कविता विकायला येतो. त्या हातोहात खपतात, कारण कवितांमध्ये गावातल्या माणसांची नावं असतात. बॅबच्या नोटिशीतली अज्ञात नावं आणि बार्तोलोच्या कवितेतली ही नावं शेजारी शेजारी ठेवून बघा.

वेळ थोडा उरलाय, पण हेलेना मारिया विरामोंतेसला वगळता येणार नाही. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात १९५४ मध्ये जन्मलेली ही लेखिका. तिचे आईवडील कापूस वेचतानाच भेटले होते. तिची ‘अंडर द फीट ऑफ जीझस’ ही कादंबरी १९९५ ची. एस्त्रेया ही तेरा वर्षांची मुलगी, तिची आई पेत्रा, भावंडं, आणि आईबरोबर राहणारा त्र्याहत्तर वर्षांचा पर्फेक्तो फ्लोरेस. पर्फेक्तोकडे हत्यारांची पेटी आहे. शाळेत मास्तरणींना जिच्या नखांखालची माती तेवढी दिसली, ती एस्त्रेया या पेटीतल्या हत्यारांची नावं शिकत शिकत वाचायला शिकते. मघाशी हत्याराचं नाव माणसाला दिलेलं आपण पाहिलं. इथे माणूस हत्यारांना नावं घेऊन हाक मारतो.

आलेहो नावाच्या तरुण मजुरावर विमानातून फवारलेलं कीटकनाशक पडतं. तो खंगत जातो. त्याला दवाखान्यात नेतात. तिथली परिचारिका तपासून सांगते की याला मोठ्या इस्पितळात न्या, आणि एवढं सांगण्याचे पैसे मागते. पर्फेक्तो म्हणतो, दुरुस्तीचं काही काम करून देतो. ती म्हणते, नको. त्यांच्याकडे असलेले सगळे नऊ डॉलर सात सेंट ती घेते. पेट्रोलला पैसे उरत नाहीत, आणि पेट्रोलशिवाय इस्पितळ गाठता येत नाही. एस्त्रेया गाडीतून पहार आणते आणि परिचारिकेच्या टेबलावर हाणते. पैसे परत घेते.

त्याआधी ती जो हिशेब करते तो आम्हाला कोणत्याही नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा भक्कम वाटतो. आलेहोने तिला सांगितलेलं असतं की जमिनीखालच्या डांबरात, तेलात जुन्या प्राण्यांची हाडं असतात. ती विचार करते: मग परिचारिकेची गाडी ज्या तेलावर चालते ते हाडांचं आहे, आणि हाडं तर आमची मोडताहेत. देणं कोणाचं कोणाकडे आहे? दयेची भाषाच इथे संपते. जोड कुटुंबाची मा एका दुकानदाराने साखरेसाठी खिशातले दहा सेंट घातले तेव्हा कृतज्ञ होते, आणि तो प्रसंग सुंदर आहे. एस्त्रेया कृतज्ञ होत नाही. ती देणं वसूल करते.

गंमत म्हणजे लेखिका तिला टाळ्या वाजवायला मोकळी सोडत नाही. तापाने फणफणलेला आलेहोच तिला म्हणतो की आपण असंच वागावं हेच त्यांना हवंय, हे तुला कळत नाही का? दोघंही बरोबर आहेत. आणि तो ‘आपण’, लक्षात घ्या, इथे खराखुरा ‘आपण’ आहे. दोन माणसं भांडताहेत आणि दोघंही त्याच्या आत आहेत.

कादंबरीच्या नावातली येशूची मूर्ती पेत्रा प्रत्येक नव्या झोपडीत मांडते. मुलांचे जन्माचे दाखले तिच्या पायांखाली जपून ठेवलेले असतात. कोणी अडवलं तर दाखवायला.

आम्ही आमच्या हजेरीपटाबद्दल बोललो, ते व्याख्यानात रंग भरायला म्हणून नव्हे. तो मुलगा आता सत्तरीच्या जवळ असेल. त्याला आमचं नाव आठवत असेल. आम्हाला त्याचं आठवत नाही. खिडकी आठवते, वही आठवते, रेघ आठवते. गेल्या आठवड्यात ही टिपणं काढताना दोन दिवस आठवून पाहिलं.

असो. फिलिपिनो मजुरांचा लेखक कार्लोस बुलोसान आज राहून गेला, तो पुढच्या वेळी घेऊ. १९६५ चा डेलानोचा द्राक्षमजुरांचा संप फिलिपिनोंनी सुरू केला आणि आठवड्याभराने मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले, ती हकीकतही तिथेच सांगतो. दोन भाषांच्या लोकांनी त्या शेतांच्या बांधांवर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणं केलं असेल, याचा तोवर विचार करून ठेवा. आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात वर केलाय, त्यांच्याकडे माइक द्या.